वकीलपत्र आणि मन

फली नरिमन यांनी १९५० साली मुंबई उच्च न्यायालयात वकिली सुरू केली. रंगूनला जन्मलेला, जपानी आक्रमणामुळे ब्रह्मदेश सोडून आलेला हा पारशी मुलगा पुढे व्यापारी कायद्यातला जाणकार झाला. १९७२ मध्ये ते केंद्र सरकारचे अतिरिक्त महान्यायअभिकर्ता झाले. जून १९७५ मध्ये आणीबाणी पुकारली जाताच त्यांनी ते पद सोडले.

लवादाच्या क्षेत्रात त्यांचे नाव जगभर झाले. दोन देशांतील कंपन्यांचा तंटा उभयपक्षांनी निवडलेल्या लवादांपुढे चालतो आणि १९५८ च्या न्यूयॉर्क करारामुळे तो निवाडा अनेक देशांत अंमलात आणता येतो. या क्षेत्रातील आंतरराष्ट्रीय परिषदेचे अध्यक्षपद त्यांनी १९९४ ते २००२ पर्यंत भूषविले.

मात्र त्यांचे नाव निघाले की भोपाळ आठवतेच. वायुदुर्घटनेच्या खटल्यात ते युनियन कार्बाइडचे वकील होते. सरकारने मागितलेल्या तीन अब्जांहून अधिक डॉलरांऐवजी फेब्रुवारी १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरांवर तडजोड झाली. व्यापारी वादात आकडा ठरला की प्रकरण मिटते. येथे ते मिटले नाही. तडजोडीत रद्द झालेले फौजदारी खटले न्यायालयाने १९९१ मध्ये पुन्हा जिवंत केले. आपले वकीलपत्र कायद्याने गैर होते, असे नरिमन यांनी कधी मानले नाही. तरीही उतारवयात त्यांनी उघडपणे सांगितले, की पुन्हा संधी मिळाली तर ते प्रकरण आपण घेणार नाही.