रोजा, मधुमेह आणि शाबानमधली एक फेरी

शाबान लागला की घराघरांत रमजानची तयारी सुरू होते. डाळी निवडल्या जातात, मसाले कुटले जातात, खजुरांचे डबे येतात. ज्या घरात मधुमेहाचा रुग्ण आहे, तिथे आणखी एक तयारी हवी असते आणि नेमकी तीच राहून जाते. ती म्हणजे डॉक्टरांकडे एक फेरी.

काही वर्षांपूर्वी आमच्या नात्यातील एक खाला रोज्यात असरच्या सुमारास घामाघूम झाल्या. सुनेला वाटले, उन्हाचा त्रास असेल. मग खाला चिडचिड करू लागल्या, बोलणे असंबद्ध झाले. मगरिबला पाऊण तास होता. "एवढा दिवस काढला, आता रोजा मोडू नका," असे घरातल्याच कुणीतरी म्हटले. दवाखान्यात नेले तेव्हा रक्तातील साखर ३८ होती. नेहमीची सकाळची गोळी त्यांनी सहरीला पूर्ण मात्रेत घेतली होती. गोळी बरोबर होती, मात्राही नेहमीचीच होती. पण त्यानंतर तेरा-चौदा तास पोटात काही जाणार नाही, याचा हिशेब कुणी केलाच नव्हता. डॉक्टर 'रोजे नकोत' म्हणतील म्हणून खालांनी सांगितले नाही आणि डॉक्टरांनीही विचारले नाही.

हे एकाच घरात घडत नाही. २००१ मध्ये १३ देशांतील १२,२४३ मधुमेही रुग्णांची पाहणी झाली होती. टाइप २ मधुमेहाच्या सुमारे ७९ टक्के रुग्णांनी किमान पंधरा रोजे ठेवले होते आणि रमजानमध्ये त्यांची साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरण्याचे प्रमाण साधारण साडेसात पट वाढले होते. नुसते 'रोजे ठेवू नका' एवढे सांगून भागत नाही, हे यावरून स्पष्ट होते. लोक रोजे ठेवतात, फक्त डॉक्टरांपासून लपवून ठेवतात.

शिकवल्याने फरक पडतो का? लंडनमध्ये १११ मुस्लिम रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील ५७ जणांना रमजानपूर्वी आहार, औषधांच्या वेळा, साखर तपासणे आणि धोक्याची लक्षणे यांची माहिती दिली गेली. उरलेल्या ५४ जणांना ती मिळाली नाही. शिकलेल्या गटात साखर उतरण्याच्या घटना ९ वरून ५ वर आल्या, दुसऱ्या गटात त्या ९ वरून ३६ झाल्या. कोणतेही नवे औषध दिले नव्हते. शिकलेल्यांचे वजनही थोडे उतरले, इतरांचे थोडे वाढले. इफ्तारच्या भजी-समोशांचा यात किती वाटा, ते आपण जाणतोच!

शिकायचे आहे ते फार अवघड नाही. काही गोळ्या जेवण नसतानाही साखर खाली ओढतात, उदाहरणार्थ ग्लिमेपिराइड. इन्सुलिनचेही तसेच. अशा वेळी सकाळची मोठी मात्रा अनेकदा इफ्तारकडे नेली जाते आणि सहरीची कमी केली जाते. मात्र किती, ते डॉक्टरच ठरवतील, शेजारीण नव्हे. बोटाला सुई टोचून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, हे मधुमेहतज्ज्ञांच्या रमजानविषयक मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटले आहे. साखर ७० च्या खाली गेली किंवा ३०० च्या वर गेली, तर रोजा तिथेच थांबवायचा. साखर उतरली असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्यायची, मगरिबला पाच मिनिटे उरली असली तरी. रुग्ण बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, थेट दवाखाना गाठावा.

आपल्या बोलीत रोजा 'सोडणे' वेगळे आणि 'मोडणे' वेगळे. मोडणे म्हटले की मनात अपराध दाटून येतो. पण सूरह बकरामध्ये रोजे फर्ज झाल्याच्या आदेशासोबतच आजाऱ्याला सवलत दिली आहे: इतर दिवशी ते पूर्ण करावेत, ज्याला शक्यच नाही त्याने फिदिया द्यावा. ही सवलत इमामसाहेबांनी शाबानच्या जुम्याला मिंबरवरून सांगितली, तर ज्येष्ठांवर तिचा जेवढा परिणाम होईल, तेवढा आम्हा लेखकमंडळींच्या लेखाचा होणार नाही.

इन्सुलिनबाबत एक धोका वेगळा सांगायला हवा. आपल्याकडे बाटलीतले इन्सुलिन बहुधा एका मिलिलिटरला ४० युनिटचे असते, त्याची सिरिंज लाल टोपणाची. पेनच्या काडतुसात मात्र १०० युनिट असतात. गावी गेल्यावर पेन बिघडले म्हणून काडतुसातले इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजने ओढले, तर अडीच पट मात्रा शरीरात जाते. हे घरच्यांना ठाऊक नसते आणि नवख्या परिचारिकेकडूनही चूक होऊ शकते. म्हणून शिकवणी रुग्णाइतकीच दवाखान्यातल्यांनाही हवी. रमजानच्या दीड-दोन महिने आधी प्रत्येक मधुमेही मुस्लिम रुग्णाला 'रोजे ठेवणार का?' एवढे विचारले, तरी पुढचे बोलणे आपोआप सुरू होते.

खाला पुढच्या शाबानमध्ये सुनेला घेऊन दवाखान्यात गेल्या. गोळीची वेळ आणि मात्रा बदलली, ग्लुकोमीटर घरात आला. त्या वर्षी चार दिवस साखर ७० खाली दिसली. चारही वेळा सुनेनेच पेल्यात साखरपाणी कालवून पुढे केले आणि खालांनी कुरकुरत का होईना, ते प्यायले. ते चार रोजे त्यांनी थंडीत, लहान दिवसांत, डॉक्टरांना विचारून पूर्ण केले.