विश्लेषण : हवेत तरंगणारी पेन्सिल भिंतीला का टेकते? चुंबकीय तरंगाचा प्रयोग घरी कसा करावा?

शाळांच्या विज्ञान प्रदर्शनात ‘मॅग्लेव्ह’ हा विषय हमखास असतो. थर्माकोलची गाडी, खाली चुंबकपट्ट्या आणि ‘ही गाडी रुळांना न टेकता धावते’ अशी पाटी. तयार संच विकत आणला की काम भागते, पण गाडी तरंगते कशी, हे विचारले की अडखळायला होते. नंदुरबारसारख्या जिल्ह्यात, जिथे अक्राणी (धडगाव) आणि अक्कलकुवा तालुक्यांतील अनेक पाडे सातपुड्याच्या डोंगरात विखुरलेले आहेत, महागडा संच हा मार्गच नाही. सहा कडी-चुंबके, जुनी चप्पल आणि एक पेन्सिल एवढ्या साहित्यात मात्र हेच विज्ञान हातात घेऊन पाहता येते. तसेच संचात न दिसणारी एक महत्त्वाची गोष्टही त्यात उघड दिसते.

हा प्रयोग आला कुठून?

तरंगणाऱ्या पेन्सिलीचे हे खेळणे अरविंद गुप्ता यांच्यामुळे देशभरातील शाळांत पोहोचले. आयआयटी कानपूरमधून अभियंता झालेले गुप्ता पुढे टाकाऊ वस्तूंतून विज्ञान-खेळणी करण्याकडे वळले. पुण्याच्या ‘आयुका’ संस्थेतील मुक्तांगण विज्ञान शोधिका या मुलांसाठीच्या केंद्रात त्यांनी अनेक वर्षे काम केले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. महागड्या उपकरणांवाचून, मुलांनी स्वतः मोडून-जोडून शिकावे, हा त्यांच्या कामाचा गाभा. ही पेन्सिल त्याचा उत्तम नमुना आहे.

साहित्य काय लागते?

एकाच मापाची सहा काळी कडी-चुंबके (फेराइटची, मधे भोक असलेली), जुन्या रबरी चपलेचा जाड तुकडा, टोक केलेली पेन्सिल, जुनी सीडी किंवा गुळगुळीत पत्र्याचा, पण लोखंडी नसलेला तुकडा, सायकलच्या ट्यूबची पट्टी आणि खूण करण्यासाठी नेलपॉलिश. चुंबके शालेय विज्ञान साहित्याच्या दुकानात मिळतात. बाकी सर्व घरातच सापडते. वीज लागत नाही, बॅटरीही नाही.

जुळणी कशी करायची?

आधी सहाही चुंबके एकावर एक चिकटू द्या. अशा चळतीत सर्वांची दिशा एकच असते. आता एकेक चुंबक वेगळे करताना त्याच्या वरच्या बाजूला नेलपॉलिशचा ठिपका लावा. हे काम घाईत उरकू नये, कारण पुढचे सगळे या ठिपक्यांवर अवलंबून आहे.

चपलेच्या तुकड्यात चार चिरा पाडा, दोन पुढे आणि दोन मागे. प्रत्येक चिरेत एक चुंबक गाडीच्या चाकासारखे उभे बसवा. जोडीतील दोन चुंबकांमध्ये तीन-चार सेंटिमीटर अंतर ठेवा. चारही ठिपके एकाच दिशेला, म्हणजे ज्या टोकाला सीडी उभी करणार त्या दिशेला असावेत. उरलेली दोन चुंबके पेन्सिलीवर चढवा. सैल बसत असतील तर ट्यूबची पट्टी गुंडाळा. त्यांचेही ठिपके पेन्सिलीच्या टोकाकडे हवेत आणि दोघांमधले अंतर खालच्या पुढच्या-मागच्या जोड्यांमधील अंतराएवढेच हवे.

सीडी चपलेच्या टोकाला चिरेत उभी करा. पेन्सिल दोन्ही जोड्यांच्या मधोमध वर धरून तिचे टोक सीडीला लावा. पेन्सिलीवरची चुंबके खालच्या चुंबकांच्या बरोबर वर न राहता एक-दोन मिलिमीटर सीडीकडे सरकलेली असू द्या आणि हात हळूच काढा. पेन्सिल तरंगेल. बोटाने फिरवली तर बराच वेळ गरगरत राहील.

पेन्सिल पडत का नाही?

‘सजातीय ध्रुव एकमेकांना दूर लोटतात’ हे आपण शाळेत शिकतो. इथे पेन्सिलीवरचे आणि खालचे चुंबक एकाच दिशेला तोंड करून शेजारी-शेजारी आहेत, म्हणजे उत्तरेशेजारी उत्तर आणि दक्षिणेशेजारी दक्षिण. त्यामुळे खालची चुंबके पेन्सिलीला वर ढकलतात. पेन्सिल जितकी खाली येईल तितका हा रेटा वाढतो. ज्या उंचीवर रेटा आणि वजन सारखे होतात, तिथे ती थांबते.

डावी-उजवीकडे घसरू नये म्हणून खाली चुंबकांच्या जोड्या आहेत. पेन्सिल डावीकडे सरकली की डावे चुंबक तिला परत लोटते. जणू दोन बांधांमधली चारी. मात्र ही चारी फार उंचावर उरत नाही. ढोबळ नियम असा की पेन्सिलीची उंची (चुंबकांच्या मध्यापासून मोजलेली) जोडीतील दोन चुंबकांच्या मध्यांमधील अंतरापेक्षा कमी हवी. पेन्सिल सारखी बाजूला उडत असेल तर जोडीतील अंतर थोडे वाढवून पाहावे.

मग सीडीचा टेकू कशाला?

प्रयोगाचे मर्म इथेच आहे. टेकू काढला की पेन्सिल पुढे किंवा मागे निसटते. चुंबके कशीही मांडली तरी हे टळत नाही. १८४२ मध्ये सॅम्युएल अर्नशॉ या इंग्रज गणितज्ञाने यामागचे कारण मांडले. वर-खाली, डावी-उजवी आणि पुढे-मागे अशा तीन दिशा असतात. केवळ स्थिर, कायमच्या चुंबकांच्या बळावर तिन्ही दिशांत एकाच वेळी स्थैर्य मिळूच शकत नाही. दोन दिशांत ते कमावले की तिसऱ्या दिशेत गमवावे लागते. आपल्या पेन्सिलीने वर-खाली आणि डावी-उजवी या दिशा सांभाळल्या. पुढे-मागेची दिशा सीडीने सांभाळली.

प्रदर्शनात हा टेकू रंगीत कागदाने झाकण्याचा मोह होतो. तसे करू नये. ‘पेन्सिल कशालाच टेकलेली नाही’ असे सांगणे खोटे आहे. ‘ती एका बिंदूपाशी टेकावीच लागते, आणि त्याचे कारण हे’ असे सांगणारा विद्यार्थी विषय समजलेला असतो. परीक्षकांनीही गुण द्यायचे ते या उत्तराला.

मग खऱ्या गाड्या कशा तरंगतात?

अर्नशॉचा नियम मोडून नव्हे, तर त्याच्या अटींबाहेर जाऊन. शांघायची मॅग्लेव्ह गाडी विद्युतचुंबकांच्या आकर्षणावर उचललेली असते. फट जेमतेम एक सेंटिमीटरची. संवेदक ती सतत मोजतात आणि त्यानुसार विद्युतप्रवाह क्षणोक्षणी कमी-जास्त होतो. म्हणजे चुंबकाचे बळ इथे स्थिर नसतेच. जपानच्या गाडीत अतिवाहक चुंबके आहेत. गाडी वेगाने धावू लागली की बाजूच्या वेटोळ्यांत वीज निर्माण होते आणि तीच गाडीला उचलते. कमी वेगात ती चाकांवरच धावते. याच तंत्राच्या गाडीने एप्रिल २०१५ मध्ये चाचणीत ताशी ६०३ किलोमीटरचा वेग गाठला.

तिसरी वाट वेगळ्या पदार्थांची. पाणी, ग्राफाइट असे काही पदार्थ चुंबकापासून अगदी क्षीणपणे दूर लोटले जातात. १९९७ मध्ये आंद्रे गाइम आणि सहकाऱ्यांनी नेदरलँड्समध्ये अतिशक्तिशाली चुंबकात जिवंत बेडूक तरंगवून दाखवला. याच गाइम यांना पुढे २०१० मध्ये ग्राफीनवरील संशोधनासाठी नोबेल मिळाले.

प्रयोग पुढे कसा न्यावा?

पेन्सिल तरंगली की टाळ्या वाजवून थांबू नये. पेन्सिलीवर मातीचे छोटे गोळे लावून उंची किती घटते ते मोजावे (लोखंडी टाचण्या चालणार नाहीत, चुंबक त्यांना ओढेल). पेन्सिल किती सेकंद फिरते ते दहा वेळा मोजावे. टेकू काचेचा, सीडीचा आणि पुठ्ठ्याचा घेऊन फरक पाहावा. फिरणे शेवटी थांबतेच, कारण हवा आणि टोकाचे घर्षण. चुंबकातून ‘फुकट ऊर्जा’ मिळाल्याच्या चित्रफिती फिरतात, त्यांना हे साधे उत्तर आहे. संपूर्ण रचना लाकडी ठोकळ्यावर ठेवून काट्यावर तोलावी. पेन्सिल तरंगत असली तरी तिचे वजन काट्यावर भरतेच, कारण तिचा भार चुंबकांमार्फत खाली पोहोचतो.

नंदुरबारच्या मुलांच्या घरात पावरी, भिली, मावची बोलली जाते आणि पुस्तक प्रमाण मराठीत असते. या प्रयोगात आधी हाताला कळते, शब्द नंतर येतात. ‘पेन्सिल का निसटली?’ याचे उत्तर मुलांनी आधी आपल्या बोलीत द्यावे. ‘स्थैर्य’ हा शब्द मागाहून फळ्यावर लिहिला तरी चालेल. तापी खोऱ्यातून जाणारी रेल्वे नंदुरबार, नवापूरच्या मुलांच्या रोजच्या पाहण्यातली आहे, अक्राणी तालुक्यात रेल्वे नाही. पण चाक रुळाला का टेकते आणि पेन्सिल सीडीला का टेकते, हे प्रश्न दोन्हीकडच्या वर्गांत सारखेच विचारता येतात.

कोणती काळजी घ्यावी?

फेराइटची चुंबके ठिसूळ असतात. त्यांना भोक पाडू नये, आपटू नये. चकचकीत, लहान निओडिमियम चुंबके या प्रयोगासाठी वापरू नयेत. ती फार शक्तिशाली असतात. लहान मुलाने अशी दोन चुंबके गिळली तर आतड्याच्या दोन वेटोळ्यांतून ती एकमेकांना खेचतात, मधला भाग चेपला जातो आणि आतड्याला भोक पडू शकते. असा नुसता संशय आला तरी वाट न पाहता मुलाला रुग्णालयात न्यावे. हृदयात पेसमेकर असलेल्यांनी चुंबके छातीजवळ आणू नयेत. प्रयोग संपला की सहाही चुंबके मोजून डब्यात ठेवावीत.