महाद्वारीची समाधी आणि राज्याचा पाया

आज आषाढ शुद्ध एकादशी. चंद्रभागेच्या वाळवंटात वैष्णवांचा मेळा भरला आहे. या मंगल दिनी कीर्तनास उभे राहण्यापूर्वी आम्ही महाद्वारी जातो, नामदेवांच्या पायरीस वंदन करतो आणि श्रीचोखोबांच्या समाधीपुढे क्षणभर थांबतो.

१३३८ साली मंगळवेढ्यास गावकूस कोसळून चोखोबांचा देहान्त झाला. ज्या विठोबाचे नाम त्यांनी जन्मभर घेतले, त्याच्या मंदिरात मात्र त्यांना पाऊल ठेवता आले नाही. त्यांना अडविणारेही भाविकच होते आणि ते धर्म समजूनच अडवीत होते.

पुढे सहा शतके आम्ही कीर्तनकारांनी समतेचे निरूपण केले. तथापि दार उघडले नाही. १ मे १९४७ रोजी साने गुरुजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणास बसले. १० मे रोजी ते उपोषण सुटले. त्याच वर्षी मुंबई प्रांतात हरिजनांच्या मंदिरप्रवेशाचा कायदा झाला. आमच्या घरातील वडीलधारी मंडळी त्या वेळी विरोधकांत होती, हे त्यांच्याच तोंडून आम्ही बालपणी ऐकले. ती सश्रद्ध होती, परंतु चुकली. हे सांगताना आमची मान खाली जाते. न सांगता चोखोबांचे आख्यान लावणे त्याहून लाजिरवाणे होय.

धर्मशास्त्राच्या ग्रंथांत एकाच अपराधास वर्णपरत्वे निरनिराळे दंड सांगितले आहेत, हे संस्कृताच्या अभ्यासकाने झाकू नये. परंतु याच भूमीत ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात सम्राट अशोकाने चौथ्या स्तंभलेखात व्यवहारसमता आणि दंडसमता यांचा आग्रह धरला आहे. व्यवहार म्हणजे न्यायदानाचे कामकाज. न्याय व शिक्षा सर्वांस एकाच मापाने मिळावी, हे राजकर्तव्य त्याने पाषाणावर कोरविले. २६ जानेवारी १९५० पासून अमलात आलेल्या आपल्या संविधानाने चौदाव्या अनुच्छेदात कायद्यापुढील समानता दिली आणि सतराव्यात अस्पृश्यता नष्ट केली.

भक्तीने मन पालटते, हे खरे. पण ज्याचे मन पालटले नाही, त्याच्यापासून दुर्बलाचे रक्षण कोणी करावे? ते राज्यानेच करावयाचे. जे राज्य आपल्याच प्रजाजनास दाराबाहेर ठेवते, त्याची आज्ञा तो भयाने पाळील. ते राज्य आपले आहे असे त्यास कधीही वाटणार नाही. म्हणूनच समता हा सुराज्याचा पाया होय.

वारीत वारकरी जात न विचारता एकमेकांच्या पाया पडतात. वारी संपवून घरी परतल्यावर हा नेम टिकतो काय? दारी आलेल्या प्रत्येकास आपण एकाच भांड्यातून पाणी देतो काय? आजच्या उपवासाच्या दिवशी प्रत्येक गृहस्थाने हे आपल्या मनास विचारावे. मंदिराचे दार कायद्याने उघडले. घराचे दार उघडणे आपल्याच हाती आहे.