फजरनंतरचा वसंत

पावसाळ्यात शनिवार-रविवारी वेल्ह्याहून केळदकडे जाणाऱ्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते. सगळ्यांना मढे घाटातला लक्ष्मी धबधबा पाहायचा असतो. त्याच वाटेवर आमचे पासली गाव आहे. मार्च उजाडला की हा रस्ता रिकामा होतो. धबधबा आटतो, गवत वाळते, डोंगर पिवळे पडतात. घरी येणारे पाहुणे विचारतात, "आता इकडे पाहण्यासारखे काय उरले?" नोकरीनिमित्त इथे राहायला आलो तेव्हा आम्हालाही तसेच वाटले होते. आमचा तो समज रमजानने खोटा ठरवला.

गेली काही वर्षे रमजान फाल्गुन-चैत्राच्या सुमारास येतो आहे. सेहरी आटोपायची, फजरची नमाज अदा करायची आणि पुन्हा अंथरुणात शिरायचे, ही आमची शहरातली सवय. इथे मात्र झोप लागेना. बाहेर अजून अंधार असतानाच घराच्या पत्र्यावर बसून दयाळ शीळ घालू लागायचा. काळा-पांढरा, शेपटी उभारून बसणारा हा लहानसा पक्षी. त्याचे संपते न संपते तोच कोकिळेची तान सुरू व्हायची. मग बुलबुल. ऊन जरा वर आले की झाडीतून कुटुर्ग्याचे ‘कुटुर्र, कुटुर्र’. शेवटी मुलेच म्हणाली, "झोप येतच नाही, तर बाहेर जाऊन बघू या ना!" तेव्हापासून फजरनंतर अर्धा तास घराभोवती फिरणे हा आमच्या घरचा रिवाज झाला.

या फिरण्यात एक गंमत आहे. आमच्या घरात उर्दू बोलली जाते आणि मुले शाळेत मराठी शिकतात. त्यामुळे प्रत्येक पक्ष्याला आणि झाडाला दोन नावे मिळतात. अम्मी ज्याला टेसू म्हणतात तो मुलांचा पळस. त्यांचा सेमल म्हणजे काटेसावर, अमलतास म्हणजे बहावा. उन्हाळा चढू लागला की एक पक्षी रात्रंदिवस ओरडत सुटतो. गावातल्या शेतकऱ्यांना त्याच्या ओरडण्यात ‘पेर्ते व्हा’ ऐकू येते, म्हणून तो पावशा. अम्मींना त्याच आवाजात ‘पी कहाँ’ ऐकू येते, म्हणून तो पपीहा. पक्षी एकच, पण शेतकऱ्याला त्यात पेरणीची हाक ऐकू येते आणि उर्दू शायराला विरहाची.

आपल्याकडे वसंत म्हटले की पुस्तकातली हिरवळ डोळ्यांसमोर येते. सह्याद्रीतला वसंत तसा नाही. तो उघड्याबोडक्या फांद्यांवर येतो. पळसाची पाने गळतात आणि काळ्या मखमली देठांवर केशरी फुले पेटल्यासारखी दिसू लागतात. नीट पाहिले तर प्रत्येक फूल पोपटाच्या चोचीसारखे बाकदार असते. काटेसावरीची फुले मोठी, लाल, मांसल पाकळ्यांची. पांगाराही लालभडक. उतारावर धायटीची झुडपे असतात. तिची फुले बारीक नळीसारखी, फांदीभर लाल. करवंदीच्या जाळीवर पांढरी फुले येतात. त्यांचा वास जाईची आठवण करून देतो. घाटाच्या कड्याकडच्या सदाहरित झाडीत अंजनी फुलते, तेव्हा तिच्या फांद्यांना निळे-जांभळे गुच्छ चिकटलेले दिसतात. एप्रिलमध्ये बहाव्याचे पिवळे घोस लोंबू लागतात. ही फुले कुणी लावत नाही की त्यांना पाणी घालत नाही.

मुलांनी एकदा विचारले, "इतक्या कडक उन्हात, पाणी नसताना ही झाडे फुलतात कशी?" प्रश्न चांगला होता. उन्हाळ्यात पानांवाटे पुष्कळ पाणी उडून जाते. म्हणून ही झाडे पाने गाळून पाणी वाचवतात. आता फुलांवर पानांचा पडदा नसल्यामुळे ती लांबूनच दिसतात. पक्ष्यांना लाल-केशरी रंग चटकन ओळखू येतो. काटेसावरीच्या पेल्यासारख्या फुलात मध असतो, त्यासाठी मैना, बुलबुल, कोतवाल गर्दी करतात. मध पिताना त्यांच्या डोक्याला पराग लागतो आणि ते तो पुढच्या फुलापर्यंत नेतात. धायटीच्या बारीक नळ्यांसाठी शिंजीर येतो, त्याची चोच त्या कामालाच बनवल्यासारखी बाकदार असते. फुलांचे हे काम मार्चमध्ये उरकले की मे महिन्यापर्यंत बिया तयार होतात. सावरीचा कापूस वाऱ्यावर उडतो, पळसाच्या चपट्या शेंगा गळतात, आणि लगेच जूनचा पाऊस येतो. एवढे अचूक वेळापत्रक पाहिले की ते आखणाऱ्या अल्लाहची आठवण आपोआप होते.

याच दिवसांत पळसावर गुलाबी पाठीच्या आणि काळ्या डोक्याच्या मैनांचे थवे उतरतात. त्यांचे नावच पळसमैना. त्या मध्य आशियाच्या बाजूने हिवाळ्यासाठी आपल्याकडे येतात आणि उन्हाळा सुरू होताना परत जातात. हजारो किलोमीटरच्या परतीच्या प्रवासाआधीची त्यांची मेजवानी आपल्या बांधावरच्या पळसावर चालते.

हे सगळे पाहायला दुर्बीण किंवा मोठे ज्ञान लागते असे नाही. डॉ. सालिम अली यांचे उदाहरण आपण मुलांना जरूर सांगावे. १८९६ साली मुंबईत एका मुस्लिम कुटुंबात जन्मलेला हा मुलगा लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने चिमण्या मारायचा. एकदा गळ्यावर पिवळा ठिपका असलेली वेगळीच चिमणी हाती आली. ती कोणती, हे विचारायला मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत पाठवले आणि तिथून त्याचे आयुष्यच बदलले. पुढे नोकरी नसल्याच्या काळात ते अलिबागजवळच्या किहीमला राहिले. तिथे घराजवळच सुगरण पक्ष्यांची घरटी होती. रोज त्यांच्यासमोर बसून त्यांनी नोंदी केल्या. सुगरणीचा नर घरटे अर्धवट बांधतो, मादी येऊन ते पारखते आणि पसंत पडले तरच तिथे राहते, हे त्या निरीक्षणातून पुढे आले. पुढे ते प्रसिद्धही झाले. १९७६ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. एवढ्या मोठ्या माणसाचे एक महत्त्वाचे काम घराच्या परिसरात, चिकाटीने बघत बसल्यामुळे झाले.

आता मनाला लागलेली गोष्ट सांगतो. मागच्या वर्षी मार्चमध्येच आमच्या घरामागच्या उतारावर वणवा लागला. तो कुणी लावला, की कुणाच्या विडीमुळे लागला, कळले नाही. गावातली माणसे हिरव्या डहाळ्यांनी आग झोडपत होती, आम्हीही गेलो. रात्री आग विझली. सकाळी फजरनंतर नेहमीच्या वाटेने निघालो तर करवंदीच्या जाळ्या काळ्या पडलेल्या. धाकटीला राखेत दोन अंडी दिसली, तडकलेली. तित्तिर, लावा, चंडोल, रातवा हे पक्षी जमिनीवरच अंडी घालतात. आग आली की मोठे पक्षी उडून जातात, अंडी आणि पिल्ले मात्र तिथेच राहतात. त्या दिवशी धाकटी घरी येईपर्यंत काही बोलली नाही.

शेजारच्या आजी म्हणाल्या, "बाई, गवात जाळलं की पुढल्या साली जोमानं येतं, असं आमची जुनी माणसं सांगायची." आजींचा अनुभव अगदीच खोटा नाही. राखेवरचा पहिला फुटवा हिरवागार दिसतो. पण आगीत झाडांची रोपे आणि पडलेले बी जळते. उघडी पडलेली माती जूनच्या पहिल्या जोरदार पावसात वाहून जाते, आणि वर्षागणिक डोंगर आणखी बोडका होतो. शेतकरी आपल्या खाचरात राब भाजतो, ती गोष्ट वेगळी. तिथे तो स्वतः उभा राहून आग आवरतो. डोंगराला लागलेल्या आगीला मालक नसतो. आम्ही हे समजावले तेव्हा आजी थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "पोरांना सांगा तुम्ही शाळंत. आमी घरात सांगतो."

त्या संध्याकाळी धाकटीला आम्ही एक हदीस सांगितली. प्रवासात काही सोबत्यांनी एका पक्षिणीची पिल्ले उचलली. ती व्याकूळ होऊन वर घिरट्या घालू लागली. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ते पाहून पिल्ले परत ठेवायला लावली. त्याच प्रसंगात पुढे मुंग्यांचे जाळलेले वारूळ दिसले, तेव्हा आगीची शिक्षा देण्याचा अधिकार माणसाला नाही, हेही त्यांनी बजावले. जिथे मुंग्यांच्या वारुळाची एवढी काळजी आहे, तिथे अख्खा डोंगर जळताना आपण नुसते बघत कसे राहायचे?

म्हणून काही गोष्टी आम्ही घरात ठरवल्या आहेत. डोंगरावर काडी, विडी, शेकोटी नाही. धूर दिसला तर लगेच गावाला आणि वनखात्याला कळवायचे. घरट्याजवळ जायचे नाही, मोबाईलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला फसवायचे नाही. फुले तोडायची नाहीत, पळसाची खाली पडलेली हवी तेवढी वेचावीत. ती पाण्यात उकळली की सुंदर केशरी रंग मिळतो. वाळकी फांदी अंगावर पडण्याची भीती नसेल तर ठेवावी, कारण तांबट तिच्यातच ढोली कोरतो. सावलीत मातीचे पसरट भांडे ठेवावे आणि रोज ताजे पाणी भरावे. आमच्याकडे हे काम सेहरीनंतर मुले करतात. आपण पुण्या-मुंबईत राहत असाल तरी रस्त्यावरचा बहावा आहे, गॅलरीतल्या जास्वंदीवर येणारा शिंजीर आहे. सुरुवात तिथून करता येईल.

आमचे बालपण भोरला गेले. १९९२ सालीही रमजान मार्चमध्येच आला होता. पहिला रोजा होता, दुपार सरता सरत नव्हती. नानींनी आम्हा भावंडांना अंगणातल्या आंब्याखाली झोपवले आणि तांबटाचे ‘टुक टुक’ मोजायला सांगितले. मोजता मोजता आम्ही झोपलो आणि जाग आली ती असरच्या अजानने. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान, त्यामुळे रमजान सगळ्या ऋतूंतून फिरून साधारण ३३ वर्षांनी त्याच ऋतूत परत येतो. तसा तो २०२५ मध्ये पुन्हा मार्चच्या सुरुवातीला आला. आता तो हिवाळ्याकडे सरकेल आणि मार्चच्या सुरुवातीला पुन्हा येईल तो २०५८ च्या सुमारास. तेव्हा आम्ही असू की नाही, अल्लाह जाणे. मुले मात्र आज आम्ही आहोत त्या वयाची असतील आणि सेहरीनंतर आपल्या मुलांना घेऊन बाहेर पडतील. त्या वेळी समोरच्या उतारावर पळस फुललेला असावा आणि कुठेतरी तांबट ठोकत असावा, एवढ्यासाठी या वर्षी डोंगर जळू द्यायचा नाही.