मॅक्‌ग्रेगर : बंदी घातलेले आडनाव

मुंबईचे विल्सन कॉलेज आपल्या परिचयाचे आहे. ज्यांच्या नावाने ते ओळखले जाते ते जॉन विल्सन स्कॉटलंडचे मिशनरी, 1829 साली मुंबईत आले. ‘विल्सन’चा अर्थ फार साधा : विलचा मुलगा. स्कॉटलंडच्या सखल भागात बापाच्या नावाला ‘सन’ जोडीत. उत्तरेकडच्या डोंगराळ मुलखात गेलिक भाषा चाले. तिथे नावाआधी ‘मॅक’ लागे, मुलीच्या नावाआधी ‘निक’. आपण बापाचे नाव मधे लिहितो तसेच हे, आणि पूर्वी पिढीगणिक ते बदलेही. पण एखाद्या जुन्या पूर्वजाचे नाव सबंध कुळाने धरून ठेवले की त्याचे आडनाव होई. ‘मॅक्‌ग्रेगर’ हे असेच, ग्रेगरच्या मुलांचे. या आडनावाचा इतिहास आपण वाचण्यासारखा आहे, कारण ते बाळगणे हा दीर्घकाळ गुन्हा होता.

ग्रेगर हे मूळ ग्रीक नाव. अर्थ ‘जागा असलेला’. नवव्या शतकातल्या राजघराण्यातून आपण आलो असे हे कूळ सांगे. (पूर्वज राजा होता ही कथा आपल्याकडच्या जातिपुराणांतही हमखास सापडते.) इतिहासाला हे कूळ सापडते ते चौदाव्या शतकाच्या सुमारास, ग्लेनऑर्कीच्या खोऱ्यात. त्या जमिनीच्या सनदा मात्र कॅम्पबेल या बलाढ्य घराण्याच्या हाती गेल्या. जमीन पिढ्यान्‌पिढ्या कसली एकाने आणि कागद झाला दुसऱ्याच्या नावे! हळूहळू हे लोक आपल्याच खोऱ्यात कुळे झाले, मग बेदखल झाले, आणि गुरे पळवून जगू लागले.

फेब्रुवारी 1603 मध्ये ग्लेन फ्रुइन येथे त्यांनी कहून घराण्याच्या शंभराहून अधिक माणसांना ठार केले. राजा सहावा जेम्स तेव्हा इंग्लंडचे सिंहासन घ्यायला निघण्याच्या बेतात होता. एडिंबरो सोडण्याच्या दोनच दिवस आधी, 3 एप्रिलला, त्याच्या मंत्रिमंडळाने हुकूम काढला : मॅक्‌ग्रेगर हे नाव नष्ट व्हावे, जो ते टाकणार नाही त्याला देहदंड. कुळाचा प्रमुख अलास्टर याला आर्गाईलच्या अर्लाने, म्हणजे कॅम्पबेलांच्याच मुख्याने, ‘सुखरूप इंग्लंडात पोचवतो’ असे वचन दिले. सरहद्द ओलांडून वचन पाळले आणि तिथूनच परत आणून जानेवारी 1604 मध्ये फासावर चढवले. कहूनांवर आपल्याला घातले ते आर्गाईलनेच, असे अलास्टर मरणापूर्वीच्या जबानीत सांगून गेला.

पुढचे हुकूम अधिक बोलके आहेत. या लोकांनी अन्न कापायच्या बोथट टोकाच्या सुरीखेरीज शस्त्र बाळगू नये. चारांहून अधिकांनी एकत्र जमू नये. 1633 च्या कायद्याने पाद्र्याला बजावले, मुलाचा बाप्तिस्मा ग्रेगर या नावाने केलास तर पद जाईल. आणि लेखनिकाला बजावले, या नावाने दस्त करायचा नाही. नाव नाही म्हणजे दस्त नाही, दस्त नाही म्हणजे हक्क नाही. ज्यांच्याकडे जमीन उरली नव्हती त्यांना एकत्र बांधणारी एकच गोष्ट शिल्लक होती, ते नाव. राज्यकर्त्यांनी नेमके तेच हेरले.

लोकांनी मग ड्रमंड, मरे, ग्रँट, स्ट्यूअर्ट अशी नावे घेतली. 1661 मध्ये बंदी उठली, 1693 मध्ये पुन्हा आली. प्रसिद्ध रॉब रॉय (1671–1734) याला आईचे आडनाव लावावे लागले. ते होते कॅम्पबेल!

मॅक्‌ग्रेगरांना ‘स्कॉटलंडचे दलित’ म्हणण्याची घाई कोणी करू नये. ते अस्पृश्य नव्हते. वंशाचा ताठा त्यांनाही होता, आणि नाव टाकले की शिक्षा टळत होती. आपली गोष्ट वेगळी. शूद्राचे नाव निंदाव्यंजक असावे असे मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायातच सांगितले आहे. तिकडे सत्तेने अभिमानाचे नाव हिरावले, इकडे धर्मशास्त्राने अपमानाचे नाव चिकटवले. म्हणून गॅझेटात आडनाव बदलणाऱ्या आपल्या तरुणाला ‘जात लपवतो’ म्हणून हिणवणाऱ्यांनी आधी हे सांगावे, की त्याचे पहिले आडनाव त्याने कधी निवडले होते? आंबडवे गावावरून आलेले आंबेडकर हे आडनाव एका माणसाच्या कर्तृत्वाने काय झाले, हे आपण पाहतोच आहोत. नाव बदलल्याने मात्र जात विचारणाऱ्याचे तोंड बंद होत नाही; तो गाव विचारतो, मग ‘पूर्वीचे आडनाव काय?’ हे विचारतो.

बंदी कायमची उठली ती 1774 मध्ये. तोपर्यंत पावणेदोनशे वर्षे होत आली होती. प्रमुखाच्या घराण्याने ‘मरे’ हे नाव लावले होते. त्याने 1822 मध्ये राजाच्या परवानगीने मॅक्‌ग्रेगर पुन्हा घेतले, आणि त्याच वर्षी राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला आला तेव्हा स्कॉटलंडच्या राजचिन्हांच्या रक्षणाला मॅक्‌ग्रेगर उभे होते. ज्यांना मानही नव्हता आणि जमीनही, अशी कित्येक घरे ड्रमंड, ग्रँट, स्ट्यूअर्टच राहिली.