अंगठा मागणारा नियम कोठे लिहिला आहे?

एकलव्याचा अंगठा कोणत्या नियमाने मागितला गेला? तसा नियम कोठेही लिहिलेला नव्हता. गुरूचा शब्द हाच नियम! म्हणून आज धनुष्य हाती घेणाऱ्या आपल्या मुलामुलींना पहिली गोष्ट सांगितली पाहिजे ती ही, की आता नियम छापलेला आहे. तो स्वतः वाचा.

वाडी-तांड्यावरची, आश्रमशाळेतली मुले बांबूच्या धनुष्याने सुरुवात करतात. तेथे साइट नसते. खरी अडचण येते ती रिकर्व्हकडे वळल्यावर. ऑलिम्पिकचे अंतर ७० मीटर. लक्ष्य १२२ सें.मी. व्यासाचे आणि दहा गुणांचे वर्तुळ अवघे १२.२ सें.मी.चे. येथे नेम धरायला साइट लागतेच. परदेशी बनावटीची साइट मोलमजुरी करणाऱ्या आईबापांनी कोठून आणायची? मग मुलगी जुनी फूटपट्टी कापते, मण्याची टाचणी लावते, पट्टी धनुष्याला घट्ट आवळते. आणि मैदानावर कोणीतरी शहाणा म्हणतो, "हे घरचे चालत नाही, कंपनीचे आण."

हे खरे आहे काय? मुळीच नाही. जागतिक तिरंदाजी महासंघाचा नियम साइट कोणी बनवली हे विचारत नाही. ती काय काम करते एवढेच पाहतो. रिकर्व्हला एकच साइट चालते आणि तिला नेमाचा बिंदूही एकच असावा लागतो. ती वर-खाली आणि डावी-उजवी सरकवता आली तरी हरकत नाही. धनुष्यापासून पुढे नेणारी दांडी चालते. अंतराच्या खुणांची चिकटपट्टीही चालते. मात्र डोळ्याच्या रेषेत साइटची नळी किंवा टाचणी २ सें.मी.पेक्षा लांब नसावी.

आता मनाई कशाला आहे तेही पाठ करा. जुन्या चष्म्याची काच बसवली, बाद. पाणसळीचा बुडबुडा लावला, बाद. सेलवरचा दिवा लावला, बाद. वेगवेगळ्या अंतरांसाठी तीन टाचण्या ओळीने खोचल्या, बाद. प्रत्यंचेवर ओठाची वा नाकाची जागा दाखवणारी खूण चालते, पण तिच्यातून पाहून नेम धरण्याचे भोक चालत नाही. भिंग आणि पाणसळ कंपाउंडवाल्यांना मुभा म्हणून आहेत. त्यांचे पाहून रिकर्व्हवर लावाल तर फसाल.

एक मोह विशेष सांभाळा. धनुष्य हलके असेल तर ७० मीटरसाठी साइट इतकी खाली न्यावी लागते की ती बाणाच्याच आड येते. अशा वेळी प्रिझम लावून दृष्टीची रेषा वाकवण्याची युक्ती सुचते. प्रिझमलाही नियमात मनाई आहे. उपाय एकच : अंगात ताकद येईल तसे धनुष्य वाढवणे आणि तोवर जवळच्या अंतरावर सराव करणे.

नियमात बसणारी साइट चांगली असतेच असे नाही. डोळ्यापासून साधारण ९० सें.मी.वर असलेली टाचणी १ मि.मी. हलली, तर ७० मीटरवर बाण जवळजवळ ८ सें.मी. सरकतो. म्हणजे मधोमध बसणारा बाण दहाच्या वर्तुळाबाहेर! त्यामुळे साइट घरी बनवा, पण स्क्रू पक्का आवळा आणि दर फेरीआधी हलवून पाहा.

फलटण तालुक्यातील सरडे गावच्या मजूर कुटुंबातला प्रवीण जाधव २०२१ साली टोकियो ऑलिम्पिकच्या पात्रता फेरीत ६५६ गुण घेऊन भारतीय पुरुषांमध्ये पहिला आला. गुणवत्ता आपल्या वस्त्यांत नाही असे म्हणणाऱ्यांना यापेक्षा वेगळे उत्तर कशाला हवे?

स्पर्धेपूर्वी पंच साहित्य तपासतात. नियमबाह्य साहित्य वापरल्यास मिळवलेले गुणही रद्द होऊ शकतात. म्हणून प्रशिक्षकांनी, शिक्षकांनी आणि वस्तीतल्या शिकलेल्या तरुणांनी नियमांची ताजी आवृत्ती मिळवावी, साइटसंबंधीचा भाग सोप्या मराठीत लिहून काढावा आणि मुलांच्या हाती द्यावा. "चालत नाही" असे कोणी म्हणाले तर मुलीने मान खाली घालू नये. तिने नम्रपणे एवढेच विचारावे : "सर, कोणत्या कलमाने?"