लढ्याचे गाणे, प्रेमाचे गाणे

अमेरिकेतील ‘ब्लॅक पँथर’ संघटनेवरून प्रेरणा घेऊन १९७२ साली मुंबईत ‘दलित पँथर’ उभी राहिली, हे आपण जाणतोच. परंतु त्या काळात तेथील कृष्णवर्णीय समाज कोणती गाणी ऐकत होता, हे आपणांस फारसे ठाऊक नसते. म्हणून १९७० सालच्या ‘कर्टिस’ या अल्बमची ओळख येथे करून देत आहोत.

कर्टिस मेफिल्ड यांचा जन्म १९४२ साली शिकागोत, गरिबीत झाला. चर्चमधील भक्तिगीते आणि ब्लूज यांच्या मिलाफातून जन्मलेल्या ‘सोल’ संगीताचे ते गायक व गीतकार. ‘इम्प्रेशन्स’ या गायकवृंदासाठी त्यांनी लिहिलेल्या गाण्यांनी नागरी हक्कांच्या चळवळीला बळ दिले. १९७० मध्ये वृंद सोडून त्यांनी हा पहिला स्वतंत्र अल्बम काढला, तोही स्वतःच्या ‘कर्टम’ कंपनीतर्फे. आम्ही बँकेत नोकरी करणारे. त्यामुळे आपल्या गाण्यांचे हक्क आपल्याच हाती ठेवण्याची त्यांची दक्षता आम्हांस विशेष वाटते.

अल्बममध्ये आठ गाणी आहेत. पहिले गाणे सर्व वर्णांच्या लोकांना सर्वनाशाचा इशारा देते. एक गाणे दरिद्री वस्तीचे. एक गाणे थेट स्वकीयांशी बोलते. कातडीच्या कमीअधिक काळेपणावरून आपसांत भेद का करता, असे विचारते. सुमारे नऊ मिनिटांचे ‘मूव्ह ऑन अप’ तरुणांना पुढे जाण्याची उमेद देते. आणि यांच्याच सोबतीला ‘द मेकिंग्ज ऑफ यू’ हे निखळ प्रेमगीत आहे. अखेरचे गाणे तर तुटत्या नात्याचे आहे.

विद्यार्थिदशेत आम्ही समजत असू की, चळवळीची गाणी वेगळी आणि प्रेमाची वेगळी. किंबहुना प्रेमगीत म्हणजे वेळेचा अपव्ययच. हा अल्बम ऐकून तो समज गेला. मेफिल्ड दोन्ही गाणी त्याच उंच, मृदू आवाजात गातात. ज्याला माणूस म्हणून जगायचे आहे, त्याला हक्कही हवेत आणि मायाही हवी. दडपलेला माणूस केवळ दुःखापुरताच उरतो, असे मानणे हाही त्याच्यावर अन्यायच होय.

१९९० साली मंचावर दिव्यांचा सांगाडा कोसळून मेफिल्ड मानेखाली लुळे झाले. गिटार कायमची सुटली. तरीही पाठीवर पडून, एकेक ओळ गात त्यांनी १९९६ मध्ये शेवटचा अल्बम पुरा केला. १९९९ साली ते निवर्तले. आमच्या विद्यार्थी मित्रांनी त्यांचे एक तरी गाणे आवर्जून ऐकावे.